समुद्राची राखण कोणाच्या खर्चाने?

पेठेत मालाचा भाव चढला म्हणजे गिऱ्हाइकास पहिला संशय दुकानदाराचा येतो, दुकानदारास अडत्याचा येतो आणि अडत्यास सरकारी कराचा येतो. समुद्राचा संशय सहसा कोणासच येत नाही. वास्तविक वजनाच्या हिशेबाने आपल्या देशाच्या परदेशी व्यापारापैकी सुमारे ९५ टक्के माल जलमार्गाने येतो-जातो, आणि किमतीच्या हिशेबानेही हा वाटा सुमारे ७० टक्के आहे असे सरकार सांगत आले आहे. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनमधील हूथी पक्षाने तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले, तेव्हा शेकडो जहाजांनी सुएझचा कालवा सोडून आफ्रिकेच्या दक्षिण टोकास वळसा घातला. त्या वळशाचे जादा दिवस, त्या दिवसांचे इंधन आणि विम्याचा चढलेला दर ही सारी रक्कम कोणत्या तरी खातेवहीत नावे पडलीच. समुद्रगमन हे पातक आहे असे आता कोणी मानीत नाही. परदेशाहून आलेल्यास प्रायश्चित्त द्यावे की न द्यावे हा वाद आमच्या आजोबा-पणजोबांबरोबर संपला. परंतु समुद्राकडे पाठ करून बसण्याची खोड मात्र गेलेली नाही. ह्याच खोडीस पाश्चात्य पंडित 'समुद्रांधत्व' म्हणतात, आणि ती केवळ आपलीच नाही एवढेच समाधान.

हा शब्द ज्यांच्या लेखांमुळे पुन्हा चर्चेत आला त्यांपैकी एक कोपनहेगन विद्यापीठातील आंतरराष्ट्रीय संबंध ह्या विषयाचे प्राध्यापक ख्रिश्चन ब्यूगर होत. ब्रिस्टल विद्यापीठाचे टिमथी एडमंड्स यांच्यासमवेत त्यांनी २०१७ साली ह्या विषयावर एक विस्तृत निबंध लिहिला, आणि समुद्रावरील सुरक्षिततेचा अभ्यास करणारे एक मंडळही दोघे मिळून चालवितात. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस डेन्मार्कमधील पंडिताच्या संशोधनाशी आपणांस काय कर्तव्य, असे वाटेल. परंतु ह्या गृहस्थांनी ज्या पाण्याचा अभ्यास केला ते पाणी अरबी समुद्राचेच आहे, आणि त्यात जे खलाशी ओलीस राहिले, जे मच्छीमार मारले गेले व जे चाचे पकडले गेले, त्यांच्या कहाण्यांचे धागे पुन्हा पुन्हा मुंबईस येऊन मिळतात.

ब्यूगर यांचा २०१५ सालचा एक निबंध साध्या प्रश्नापासून सुरू होतो: समुद्रावरील सुरक्षितता म्हणजे काय? हा शब्द सर्वांच्या तोंडी आहे, पण अर्थाविषयी एकमत नाही, असे ते दाखवितात. आरमाराचा अधिकारी हा शब्द उच्चारतो तेव्हा त्याच्या मनात शत्रूची युद्धनौका असते. जहाजमालकाच्या मनात वेळेवर पोहोचणारा माल असतो. निसर्गाची चिंता वाहणाऱ्याच्या मनात तेलाचा तवंग असतो. आणि किनाऱ्यावरच्या कोळ्याच्या मनात आपली होडी संध्याकाळी परत येईल की नाही हा विचार असतो. राष्ट्राचे संरक्षण, आर्थिक उत्कर्ष, सागरी निसर्ग आणि माणसाच्या जिवाची व पोटाची शाश्वती अशा चार कोपऱ्यांत मिळून त्यांनी हा अर्थ मांडला आहे. प्रथमदर्शनी हा शब्दच्छल वाटतो. पण पुढील हकीकत वाचली म्हणजे वाचकांच्या ध्यानात येईल की, 'सुरक्षितता' ह्या शब्दाचा अर्थ जो ठरवितो तोच तिची किंमत कोणी द्यावयाची हेही ठरवितो.

सोमालियातील राज्य १९९१ साली कोसळले. पुढे तेथील किनाऱ्यावरून निघणारे चाचे हळूहळू इतके धीट झाले की, २०११ साली त्यांच्या नावावर २३७ हल्ले मोजले गेले. जागतिक बँकेच्या हिशेबाप्रमाणे २००५ ते २०१२ ह्या काळात त्यांनी जहाजमालकांकडून ३३ कोटी ९० लाख ते ४१ कोटी ३० लाख डॉलर एवढी खंडणी उकळली, आणि जगाच्या व्यापारास त्यांच्यामुळे दरसाल सुमारे १८०० कोटी डॉलरांची तोशीस पडत होती. खंडणी थोडी आणि तिच्या भीतीचा खर्च अनेकपट मोठा, हे प्रमाण व्यापाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

ह्या संकटापुढे राष्ट्रांनी काय केले? सर्वांनी मिळून एक आरमार उभारले नाही व एका सेनापतीच्या हाती सत्ताही दिली नाही. युरोपीय संघाचा ताफा डिसेंबर २००८ मध्ये आला, अमेरिकेच्या पुढाकाराचा दुसरा जानेवारी २००९ मध्ये, 'नाटो'चा तिसरा त्याच वर्षी. भारताच्या युद्धनौका तर ऑक्टोबर २००८ पासूनच एडनच्या आखातात फिरत होत्या, आणि चीन, जपान, रशिया आपापल्या निशाणाखाली आले. एरवी एकमेकांकडे संशयाने पाहणारी ही मंडळी एका पाण्यात आली म्हणजे गोंधळ व्हावयाचा. तो झाला नाही ह्याचे कारण शोधणे हेच ब्यूगर यांच्या संशोधनाचे मर्म आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीच्या ठरावानंतर जानेवारी २००९ मध्ये न्यूयॉर्क येथे सोमाली चाचेगिरीविषयी एक 'संपर्क मंडळ' स्थापन झाले. ह्या मंडळास ना घटना होती, ना कायमचे कार्यालय, ना मतदान. ज्यास यावयाचे त्याने यावे, ज्यास काही देता येईल त्याने द्यावे, असा त्याचा शिरस्ता. साठांहून अधिक राष्ट्रे तेथे बसू लागली, त्यांच्या शेजारी जहाजमालकांच्या संघटना बसू लागल्या. कामे वाटून घेतली होती: आरमारांचा मेळ, कायद्याच्या अडचणी, जहाजांनी घ्यावयाची खबरदारी, लोकमत आणि खंडणीच्या पैशाचा माग. बहारीनमध्ये आरमारांच्या अधिकाऱ्यांची एक निराळी बैठक भरे. एडनच्या आखातातून व्यापारी जहाजांना सोबत करणाऱ्या भारत, चीन व जपान ह्या तीन देशांच्या ताफ्यांनी २०१२ पासून आपली वेळापत्रके एकमेकांशी जुळवून घेतली, ती ह्याच बैठकीच्या द्वारे. हिमालयाच्या सीमेवर ज्यांचे पटत नव्हते त्यांनी समुद्रावर रेल्वेच्या गार्डांप्रमाणे गाड्यांच्या वेळा जुळवाव्यात, ही गोष्ट आम्हांस कोणत्याही तहनाम्याहून अधिक बोलकी वाटते.

संपर्क मंडळाच्या अनुभवाची नोंद करून ठेवण्याचे काम ब्यूगर यांनी, कार्डिफ विद्यापीठात असताना, अंगावर घेतले होते. त्यांचा निष्कर्ष थोडक्यात असा की, परस्परांवर विश्वास बसल्यावर सहकार्य सुरू होते ही समजूत उलटी आहे. आधी लहानसे, रोजचे, नीरस असे काम एकत्र करावे लागते. जहाज कोठे दिसले हे कळवावयाचे, एकच शब्द एकाच अर्थाने वापरावयाचा, कोणत्या टेलिफोनवर कोण उत्तर देईल हे ठरवावयाचे; ह्या कामातून एक बिरादरी तयार होते, आणि विश्वास तिच्या मागून येतो. आमच्या व्यापारी वाचकांस हे नवीन वाटू नये. पेढीची पत करारनाम्याने उत्पन्न होत नाही, हुंडी वेळेवर पटत गेल्याने होते.

फळ लवकरच दिसले. २०१२ साली हल्ले ७५ वर आले, २०१३ साली १५ वर. मे २०१२ नंतर मार्च २०१७ पर्यंत एकही मोठे व्यापारी जहाज सोमाली चाच्यांना पळवून नेता आले नाही. ह्याचे सगळे श्रेय बैठकांना देणे रास्त होणार नाही. जहाजांनी कठड्यांना काटेरी तारा गुंडाळल्या, वेग वाढविला, पगारी बंदूकवाले बरोबर घेतले, त्याचाही वाटा मोठा आहे. पण हेही खरे की, ह्या खबरदारीचे नियम त्याच बैठकांच्या आसपास लिहिले गेले.

येथपर्यंतची कथा पाठ थोपटण्याजोगी आहे. आता तिची दुसरी बाजू.

जहाजमालकांच्या संघटनांनी आरमारांशी विचारविनिमय करून नकाशावर एक 'अतिधोक्याचे क्षेत्र' आखले होते. चाचे दूर जाऊ लागले तसे हे क्षेत्र वाढत गेले आणि २०१० साली त्याची पूर्व सीमा ७८ अंश रेखांशावर आणून ठेवण्यात आली. नकाशा उघडून पाहावे: ७८ अंश म्हणजे अरबी समुद्र संपून जमीन लागते. मुंबई, रत्नागिरी, गोवे, कोची ही सारी किनारपट्टी एका रेघेसरशी चाच्यांच्या मुलखात गणली गेली. आमच्या बंदरांकडे येणाऱ्या जहाजांवर जादा विमा बसला, आणि बंदूकवाल्या रक्षकांस ह्या पाण्यातील प्रत्येक लहान होडी संशयास्पद दिसू लागली. १५ फेब्रुवारी २०१२ रोजी केरळच्या किनाऱ्यापासून सुमारे साडेवीस सागरी मैलांवर 'एनरिका लेक्सी' ह्या इटालियन तेलवाहू जहाजावरील नौसैनिकांनी मासेमारीच्या बोटीवर गोळ्या झाडल्या व दोन मच्छीमार ठार झाले. चाचे समजून मारले, असे सांगण्यात आले. पुढे आठ वर्षे दोन सरकारे भांडली. जुलै २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने नौसैनिकांवर खटला चालविण्याचा अधिकार भारतास नाही, पण नुकसानभरपाई मिळाली पाहिजे असा निवाडा दिला. आणि दहा कोटी रुपये जमा झाल्यावर जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने येथील प्रकरण मिटविले. भारत सरकारने त्या रेघेविरुद्ध वारंवार तक्रार केली, तेव्हा कोठे डिसेंबर २०१५ पासून ती ६५ अंशांवर मागे हटली. क्षेत्रच पुसले गेले ते १ जानेवारी २०२३ रोजी.

रेघ आखणारे दुष्ट होते असे आम्ही म्हणत नाही. आपली माणसे व आपला माल वाचविणे हे त्यांचे कामच होते. परंतु आखणीच्या वेळी जहाजमालक हजर होते, विमेवाल्यांचा विचार झाला होता, आरमारे सल्ला देत होती, आणि ज्याचे जाळे त्या रेघेखाली पसरले होते त्या मच्छीमारास कोणी विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही. चार कोपऱ्यांपैकी एका कोपऱ्याचे सोयीने ऐकले गेले, आणि दुसऱ्या कोपऱ्यातील दोन घरे उद्ध्वस्त झाली. अशा 'अपवादाच्या क्षेत्रां'च्या परिणामांकडे ब्यूगर यांनीही आपल्या लिखाणात लक्ष वेधले आहे. त्यांची भाषा पंडितास शोभेल अशी सौम्य आहे. आम्हांस ती थोडी अधिकच सौम्य वाटते.

खलाशांची कथा ह्याहून वेगळी नाही. सप्टेंबर २०१० मध्ये 'अस्फाल्ट व्हेंचर' हे जहाज पळविले गेले. त्यावरील पंधराही खलाशी भारतीय होते. एप्रिल २०११ मध्ये खंडणी पोहोचली. चाच्यांनी जहाज सोडले, आठ जणांस सोडले, आणि सात जणांस ठेवून घेतले. कारण त्याच सुमारास आमच्या नौदलाने अरबी समुद्रात शंभराहून अधिक सोमाली चाचे पकडून मुंबईच्या तुरुंगात आणले होते, आणि ते सुटल्याखेरीज हे सात सुटावयाचे नाहीत अशी चाच्यांची अट होती. सरकारने अट मानली नाही. मानली असती तर प्रत्येक भारतीय खलाशी बाजारात विकाऊ झाला असता, म्हणून ह्या निर्णयास आम्ही दोष देत नाही. पण ते सात जण घरी आले ऑक्टोबर २०१४ मध्ये. चार वर्षे. नौदलाच्या पराक्रमाच्या बातम्या आम्ही सर्वांनी अभिमानाने छापल्या व वाचल्या. त्या पराक्रमाचे व्याज ज्या सात घरांनी भरले त्यांची बातमी आतल्या पानावर कोठे तरी आली असेल. भारतीय खलाशी जगाच्या प्रत्येक जहाजकंपनीस हवा असतो. परंतु परक्या निशाणाखालच्या जहाजावर तो ओलीस राहिला तर त्याच्या घरी पगार कोणी पोहोचवावा, हा प्रश्न त्याची बायको कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवीत विचारीत राहते.

मग चाचा पकडल्यावर त्याचे करावयाचे काय? येथे आमची स्वतःची हयगय कबूल केली पाहिजे. ऑक्टोबर १९९९ मध्ये ॲल्युमिनियम घेऊन निघालेले 'अलोंड्रा रेनबो' हे जपानी मालकीचे जहाज इंडोनेशियाजवळ पळविले गेले. त्यावरील सतरा जणांस तराफ्यावर सोडून देण्यात आले. सुमारे दहा दिवसांनी त्यांस थायलंडच्या मच्छीमारांनी वाचविले. (वाचविणारे पुन्हा मच्छीमारच, हे लक्षात घ्यावे.) क्वालालंपूर येथील चाचेगिरीच्या खबरकेंद्राने जहाजाचे वर्णन सर्वत्र कळविले. नाव बदलून, रंग बदलून ते अरबी समुद्रात आले तेव्हा आमच्या तटरक्षक दलाने व नौदलाने पाठलाग करून नोव्हेंबरमध्ये ते पकडले आणि चाचे मुंबईस आणले. सहकार्याचे इतके सुंदर उदाहरण त्यापूर्वी क्वचितच घडले असेल. २००३ साली मुंबईच्या सत्र न्यायालयाने आरोपींस सात वर्षांची सक्तमजुरी दिली, आणि २००५ साली उच्च न्यायालयाने त्यांस मुक्त केले. चाचेगिरी हा गुन्हा असा आमच्या दंडसंहितेत स्वतंत्रपणे लिहिलेलाच नव्हता. दरोडा, चोरी अशी जमिनीवरची कलमे समुद्रावर ताणून बसवावी लागत होती. समुद्री चाचेगिरीविरोधी कायदा संसदेने संमत केला तो डिसेंबर २०२२ मध्ये. पहिल्या धड्यानंतर तेवीस वर्षांनी! इतक्या अवधीत एका पिढीचे खलाशी निवृत्त झाले. युरोपची आरमारे ह्याहून शहाणी होती असेही नाही. पकडलेल्या चाच्यांची शस्त्रे समुद्रात टाकून त्यांस किनाऱ्यावर सोडून देण्याचा प्रकार त्यांनीही पुष्कळ केला, आणि खटल्यांचे ओझे केनया, सेशेल्स अशा लहान देशांच्या गळ्यात घातले. मार्च २०२४ मध्ये 'आय. एन. एस. कोलकाता' ह्या युद्धनौकेने 'रुएन' जहाज सोडवून ३५ चाचे मुंबई पोलिसांच्या हवाली केले, तेव्हा निदान लावावयास कायदा तरी तयार होता.

चाचा कोणास म्हणावे ह्याविषयीही दोन शब्द. सोमाली चाचे स्वतःस चाचे म्हणवीत नसत. परदेशी ट्रॉलर आमची मासळी लुटून नेतात, सबब आम्ही किनाऱ्याचे रक्षक आहोत, असे ते सांगत. ब्यूगर यांनी २०१३ साली ह्या कथेवरच एक निबंध लिहिला. कथा खरी की खोटी एवढ्यावर न थांबता, ती चाच्यांच्या टोळ्यांस कशी बांधून ठेवते व गावाचा पाठिंबा कसा मिळवून देते, हे त्यांनी पाहिले. मराठी वाचकांस ह्यावरून कान्होजी आंग्रे आठवल्याखेरीज राहणार नाहीत. मराठी राज्याचा सरखेल आपल्या पाण्यातून जाणाऱ्या जहाजांकडे दस्तक मागतो, हा त्याचा हक्क होता. इंग्रजांच्या दप्तरात मात्र तो चाचा ठरला, आणि १७२१ साली इंग्रज व पोर्तुगीज दोघांनी मिळून कुलाब्यावर स्वारी केली. आंतरराष्ट्रीय सहकार्यच ते! फसले, हे आमचे भाग्य. १७५६ सालचे मात्र फसले नाही. तुळाजी आंग्रे आटोपेना म्हणून नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी करार केला; विजयदुर्गाखाली आंग्र्यांचे आरमार जळाले, आणि किल्ल्यातील लूट इंग्रजांनी आपसात वाटून घेतली. पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांस तोलामोलाचे असे मराठी आरमार त्यानंतर उरले नाही. तुळाजीची बाजू आम्ही घेत नाही, आणि सोमाली टोळीवाल्यांस सरखेलांच्या पंक्तीस बसविण्याचा आमचा हेतू तर मुळीच नाही. त्यांनी ओलीस धरलेले खलाशी गरिबांचीच मुले होती. परंतु सहकार्याचा मसुदा दुसऱ्याने लिहावा आणि आपण सही करावी, ह्याचा परिणाम आमच्या किनाऱ्याने एकदा पाहिलेला आहे.

ह्यावर, सहकार्य नको, आपले आपण पाहू, असे म्हणणारे लोक आहेत. त्यांचे म्हणणे आम्हांस पटत नाही. १९९३ साली स्फोटके रायगडच्या किनाऱ्यावर उतरली, आणि २००८ साली मुंबईवर हल्ला करणारे दहा जण पळविलेल्या मासेमारी बोटीतून आले. दोन्ही वेळा युद्धनौकांची वाण नव्हती, वाण होती ती वेळेवर हलणाऱ्या खबरीची. डिसेंबर २०१८ मध्ये गुरुग्राम येथे हिंदी महासागराच्या माहितीचे केंद्र उघडले गेले व तेथे मित्रराष्ट्रांचे अधिकारी येऊन बसू लागले, हे पाऊल योग्य दिशेनेच पडले. सोमालियाच्या हद्दीतील पाण्यात शिरून कारवाई करण्यास सुरक्षा समितीने परराष्ट्रांच्या आरमारांस दिलेली मुभा मार्च २०२२ मध्ये संपली, पुढल्या जानेवारीत धोक्याचे क्षेत्र पुसले गेले, आरमारांचे लक्ष तांबड्या समुद्राकडे वळले, आणि डिसेंबर २०२३ मध्ये चाचे पुन्हा जहाज पळवू लागले. बैठका मोडण्याची घाई केव्हा करू नये, हे त्यावरून दिसते.

आमची मागणी एवढीच आहे की, त्या बैठकींत माणसे वाढावीत. गुरुग्रामचे केंद्र व्यापारी जहाजांसाठी जशी पत्रके काढते तशी ती ससून डॉकच्या, हर्णैच्या व मिरकरवाड्याच्या नाखव्यांस वाचता येतील अशा भाषेत निघावीत, आणि नाखव्यांनी दिलेल्या खबरीची नोंद होऊन तिचे पुढे काय झाले हे त्यांस कळावे. आज त्यांच्याकडून ओळखपत्र मागितले जाते, मत मागितले जात नाही. धोक्याची एखादी नवी रेघ उद्या आखली जाईल तेव्हा भारताच्या शिष्टमंडळात मच्छीमारांच्या सहकारी संस्थांचा एक व खलाशांच्या संघटनांचा एक असे दोन प्रतिनिधी असावेत. ओलीस राहिलेल्या खलाशाचा पगार त्याच्या सुटकेपर्यंत घरी पोहोचविण्याची हमी घेतल्याखेरीज कोणत्याही कंपनीस येथून खलाशी भरती करू देऊ नये. ही शेवटची अट घालणे नौकानयनाच्या महासंचालकांस कठीण जाऊ नये, आणि मुंबईतील व्यापारी मंडळांनी, ज्यांचा माल हे खलाशी आणतात, तिचा पाठपुरावा करण्यास हरकत दिसत नाही. त्या मंडळांच्या पुढील वार्षिक सभेत हा ठराव कोण मांडतो, इकडे आमचे लक्ष राहील.